ड्रायव्हरसाठी वर्गणी

मिरजोळे, रत्नागिरी
गुरुवार

चि. मनस्वी हिला रघूमामाचा भरभरून आशीर्वाद. (आता तू कॅप्टनच्या शेजारी बसतेस, तेव्हा नमस्कारही घालायला हवा, असं तुझी मामी म्हणते. दोन्हीतला जो उपयोगी पडेल तो ठेवून घे.) इकडे सर्व ठीक. क्लच दाबणं सुटल्यापासून माझा गुडघा फक्त पावसाच्या आधी दुखतो. मामीला खोकला आहे, पण बोलण्यात खंड नाही. तुझी तब्येत विचारायला मी एकवीस वेळा फोन केला, तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. फोन नुसता कापता येतो, पत्र फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस चार ओळी तरी वाचतो.

तर झालं काय ते एकदा माझ्या बाजूने ऐक. तू हौसेने आम्हा दोघांना मुंबईला बोलावलंस, स्वतःच्या विमानातून गोव्याला नेते म्हणालीस. (रत्नागिरीच्या माणसाने घरावरून उडत पुढे गोव्यात उतरायचं आणि तिथून एसटीने मागे यायचं, हा शहाणपणा मी मुकाट मान्य केला.) आदल्या संध्याकाळी मी सहज पगार विचारला. आकडा ऐकून मामीच्या घशात पोहे अडकले. मग तू पुढचं सांगितलंस, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, पहाटे तीनला उठणं, दर वर्षी डॉक्टरी तपासणी आणि त्यात कान-डोळा जरा इकडेतिकडे झाला की घरी. तेवढंही मी सोसलं. पण विमान उभं असतं तो वेळ तुमच्या कंपनीत धरतच नाहीत, चाक हललं की मग तास मोजायचे, हे ऐकलं आणि माझ्या हातातला चहा निवला. अगो, मी तीस वर्षं एसटी चालवली! माझ्यापुढे घाटात म्हैस बसायची, आभाळात म्हैस नसते, हे मला कबूल. पण केळशीला वस्तीची गाडी घेऊन गेलो की रात्रभर गाडी झोपायची, मी झोपायचो, आणि तरी भत्ता मिळायचा. तिथल्या तिथे शेजारच्या गफूरभाईंना फोन लावला. ते जन्मभर मालवाहू जहाजावर होते. जहाज महिनाभर बंदरात नांगर टाकून बसलं तरी त्यांचा पगार चालूच. म्हणजे सगळं जग उभ्याउभ्या कमावतंय आणि माझी भाची तेवढी फुकट उभी!

दुसऱ्या दिवशी चाकापुढे फोडायला आणलेला नारळ तपासणीवाल्यांनी काढून घेतला, तिथेच माझं डोकं अर्धं फिरलं होतं. त्यात आत बसलो, दार लागलं, आणि विमान जागचं हलेना. दहा मिनिटं, अर्धा तास, एक तास. बाकीचे घड्याळाकडे बघून स्वतःसाठी हळहळत होते, मी तुझ्यासाठी. आता तूच सांग, गणपतीला मुंबईहून येणाऱ्या गाडीत खेड आलं की कोणीतरी उठून ड्रायव्हरसाठी वर्गणी फिरवतो की नाही? त्यात कुणाचा अपमान झालेला मी तरी पाहिला नाही. समोरच्या खिशात एक बरी जाड कागदी पिशवी होती (ती कशासाठी असते ते मला नंतर कळलं), ती घेऊन मी उठलो. पहिल्या चार रांगांनी आनंदाने दिलं. सहाव्या रांगेतल्या गृहस्थाने विचारलं, कशाबद्दल? मी म्हटलं, पायलटला उभ्या वेळेचे पैसे मिळत नाहीत हो. एवढंच! दहाव्या रांगेत पोचेपर्यंत पायलटला पगारच नाही असं झालं, पंधराव्या रांगेत पायलट संपावर गेला, आणि विसाव्या रांगेतल्या एक बाई चपला शोधत उतरायला निघाल्या. कोणीतरी व्हिडिओ काढला. आणि तेवढ्यात तू बाहेर आलीस.

तू फक्त "मामा, खाली बस" म्हणालीस. मी बसलो. पैसे ज्याचे त्याला परत गेले, विमान उडालं, आणि मामी सांगते की रत्नागिरीवरून जाताना आपला समुद्र झकास दिसला. मी मान वर केली नव्हती. गोव्यात तू आमच्याकडे न बघता निघून गेलीस. कंपनीने तुझ्याकडे लेखी खुलासा मागितलाय, हे तुझ्या आईकडून कळलं. मनू, माझं चुकलं. तुला कमी मिळतं की रग्गड मिळतं, यातलं मला काही कळत नाही. तू तिथे कष्टाने पोचलीस आणि मी तुला भर लोकांत हसं केलं, एवढं कळतं. जेवणावर वासना नाही. यापुढे तुझ्या नोकरीत नाक खुपसणार नाही, ही देवाशपथ.

तुझा,
रघूमामा

ता. क. : उभ्या वेळेचा भत्ता मिळावा म्हणून तुमच्या कंपनीला एक अर्ज लिहून ठेवलाय. गफूरभाईंनी आळीतल्या चाळीस सह्या आणल्या. मामीने तो कुठेतरी लपवलाय, सापडला तरी तुला विचारल्याशिवाय पोस्टात टाकणार नाही.

आणखी एक ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. आपली आरोही (माझी नात, यंदा बारावी) पायलट व्हायचं म्हणते. कर्ज, पहाट, तपासणी, सगळं सांगून पाहिलं. कार्टी म्हणते, मनूआत्यालाच विचारते. फॉर्म कुठे मिळतो ते सांगशील ना?

शेवटचा ता. क. : रविवारी अकराला ती तुला तिच्या नंबरवरून फोन करेल. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी उचल. मी शेजारी बसेन, पण एक शब्द बोलणार नाही. स्पीकर तेवढा चालू ठेवायला सांगितलाय.