गरम करून ठेवलेली गाडी

हिंगणघाट, १७ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस वर्षालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं हो हो म्हणता, आणि कानाचं मशीन डबीतच ठेवता! म्हणून ही चिठ्ठी. प्रेमदासभाऊ जिनिंगवर कापूस घेऊन आलेत, रोहण्याला परतताना तुमच्या हाती देतील.

संक्रांतीला आले होते, तेव्हा सकाळी तुम्ही तुमच्या लाडक्या लेकाची, कैलासची सेकंडहँड गाडी सुरू केली आणि मी दचकून उठले. डब्यात खिळे हलवावेत तशी खडखड आली आणि जराशानं आपोआप थांबली. तुम्ही मात्र बोनटपाशी निवांत चहा पीत उभे. इकडे येऊन ह्यांना सांगितलं. ते आयटीआयमध्ये गाड्यांचंच शिकवतात. जुन्या गाडीच्या इंजिनातली साखळी, टायमिंग चेन, झिजून ढिली झाली की असं होतं म्हणाले. इंजिन थंड असलं की तेल चढेपर्यंत चेन आपटते, मग आवाज बंद. पण कधीतरी ती चाकाच्या दातावरून सुटते आणि चालती गाडी रस्त्यात बंद पडते. ब्रेक दगड, स्टिअरिंग जड.

कैलासला फोन केला तर तो हसला. मी चाबी फिरवतो तेव्हा तर काही वाजत नाही म्हणे. गाडी घेताना भाऊजींना विचारलं नाही म्हणून ते खोट काढतात, असंही म्हणाला. बाबा, त्याला वाजेल कसं? तो उठायच्या आत तुम्ही रोज गाडी गरम करून ठेवता! येत्या शुक्रवारी याच गाडीनं तो आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नागपूरला नेणार. सेलूच्या पुढं मागून ट्रक येत असताना गाडी बंद पडली तर? माझा जीव थाऱ्यावर नाही. एक सकाळ गाडीला हात लावू नका.

आईला नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू द्या.

तुमची,
वर्षाली

रोहणा, २० जानेवारी

चि. सौ. वर्षालीस अनेक आशीर्वाद.

तुयी चिठ्ठी वाचून डोकं तापलं. पोरगं थंडीत कुडकुडत गाडी सुरू करीन, अन् मी गोधडीत पडून राहू काय? बैल होते तवाबी त्याच्या आधी मीच उठत होतो. अन् खडखड कायची? मी रोज बोनटपाशीच उभा राह्यतो, मले तर काईच आवाज येत नाई.

जावईबुवाले सांगजो, गाडी आम्ही पाहूनच घेतली. सेलूले गेलतो तवा गाडी इकनाऱ्या त्या माणसानं आपण येनार म्हून गाडी आधीच सुरू करून ठेवलती. असा कदर करनारा मानूस मिळते काय कुठं? मशीनचं नाव काढू नको, कानात नुसती शिट्टी वाजते. तुयी माय हल्ली माझ्यासंग बोलतच नाई. ऑपरेशनचं भेव असन.

राग मानू नको. येत जाजो.

तुहा बाबा

हिंगणघाट, २१ जानेवारी

तीर्थरूप बाबांस सा. न. वि. वि.

प्रेमदासभाऊंनी आणून दिलेलं तुमचं पत्र वाचून ह्यांनी कपाळावर हात मारला. बाबा, ती कदर नव्हती हो! आवाज ऐकू येऊ नये म्हणूनच त्यानं गाडी आधी गरम केली होती. आणि तेच काम तुम्ही रोज मायेनं करता.

पाया पडते तुमच्या. शुक्रवारच्या आधी एकदा थंड गाडीची चाबी कैलासला फिरवू द्या, आणि मशीन घालून बाजूला उभे राहा. ऐकणार नसाल तर मीच येऊन गाडीपुढं उभी राहीन. मग चालवा माझ्या अंगावरून!

रागावले तरी लेक तुमचीच,
वर्षाली

नागपूर, २४ जानेवारी

चि. सौ. वर्षालीस पोटभर आशीर्वाद.

कैलासनं फोनवर सांगतलंच असन, पन मले लिवल्याशिवाय राहवत नाई. काल सकाळी मी गाडीले हात लावला नाई. हात नुसते शिवशिवत होते. मशीन घातलं. कैलासनं चाबी फिरवली अन् बाई, काय ती खडखड! मले ऐकू आली. त्यानं लगेच गाडी बंद केली.

आर्वीहून मिस्त्री बलावला. त्यानं झाकन खोललं. चेन लोंबून राह्यलती, तिले धरून ठेवनारी पट्टी तुटून तुकडे खाली तेलात पडलते. नागपूर सोड, वर्धाबी गाठली नसती म्हणे. कैलास भाऊजीची माफी मांगतो म्हणे. रोज सकाळी मीच त्याच्यापासून तो आवाज लपवून राह्यलतो पोरी, अन् मले वाटे मी सेवा करतो.

त्या गडबडीत मशीन काढाचं राहून गेलं. चुलीपाशी तुयी माय भाकर वाढू काय म्हून विचारत होती. ती रोजच विचारे म्हणे, उत्तर नाई आलं का गप्प राहे. अन् मी तुले लिवलं का ती बोलत नाई.

आज दोघं मायलेक येष्टीनं निघनार होते, मी घरी राह्यनार होतो. बसमंदी चढता चढता ती एकदम हळू बोलली, भेव वाटते म्हणे. मले ऐकू आलं. मीबी चढलो. आता दवाखान्यात तिच्या खाटेपाशी बसून हे लिवून राह्यलो.

बापावर असाच धाक ठेवजो.

तुहा बाबा,
महादेवराव