एक किलो सातशे ग्रॅमचा कोट

१८ फेब्रुवारी
वजन केलं! स्वयंपाकघरातल्या काट्यावर. बाबांचा तो तपकिरी लोकरी कोट — एक किलो सातशे ग्रॅम! विमानात हातातलं सामान माणशी सात किलो. त्यातले पावणेदोन हा कोटच गिळणार.

मी सहा देश एकटीने फिरले, पाठीवर एकच पिशवी टाकून. तीन टीशर्ट, दोन पँट, संपलं. निवृत्त झाल्यापासून बाबा नुसते छताकडे बघत बसतात, म्हणून म्हटलं चला या वेळी माझ्याबरोबर. कुठून बुद्धी झाली!

"थंडी असली तर?" म्हणे. तिथे बत्तीस अंश आहे, बाबा!

१९ फेब्रुवारी
आत्याचा फोन. "एखादा भारीतला ड्रेस असू दे गं, चारचौघांत मान राहतो." चारचौघं कोण? बसचा ड्रायव्हर?

कोटाची कथाही तिनेच सांगितली. तो मोठ्या काकांचा. परदेशी जाताना स्वतःच्या अंगातला काढून बाबांना घातला. पुढे आजी गेली तेव्हा काका आले नाहीत, आणि बाबांनी लिहून कळवलं — आता तोंड दाखवू नकोस. "एकतीस वर्षं झाली, दोघंही हट्टी!" बरं. म्हणून कोट देशोदेशी मिरवायचा? काकांनी कपाट दिलं असतं तर तेही पाठीवर घेतलं असतं.

२४ फेब्रुवारी
कपड्यांची खरेदी. 'साहसी प्रवासासाठी' अशी चिठ्ठी लावली की चड्डीची किंमत तिप्पट. विक्रेता सांगतो, "मॅडम, या जाकिटाला सतरा खिसे आहेत." सतरा! वस्तू ठेवायला की हरवायला? शेजारी एक जोडपं डोंगरावरचे बूट घालून आरशापुढे फोटो काढत होतं. हे लोक घरचा जिना तरी चढतात का?

बाबांसाठी गुडघ्यापाशी चेन असलेली पँट घेतली. चेन उघडली की खालचा भाग सुटतो, अर्धी चड्डी तयार. वर पटकन सुकणारा पोपटी टीशर्ट. आरशात बघून बाबा म्हणाले, "मी असा बाहेर पडू? चारचौघांत?"

आत्याचेच भाऊ!

२६ फेब्रुवारी
बाबा पोस्टात जाऊन आले. चाळीस वर्षं तिथे बसून दुसऱ्यांची पत्रं लावली, आता स्वतः लिहायला लागले! कुणाला? "आहे एक जुनी ओळख."

वर नवा हट्ट — वाटेतल्या एका आडगावी एक दिवस थांबायचं. तिथे बघण्यासारखं काय आहे? बसस्टँड! थांबू. म्हाताऱ्या माणसाचा एखादा हट्ट पुरवावा.

१३ मार्च
बाबा दाढी करत होते तेवढ्यात काम उरकलं. त्यांच्या पिशवीतून कोट काढला, दारामागच्या खुंटीला टांगला. त्या जागी माझं पावसाळी जाकीट कोंबलं, दोनशे ऐंशी ग्रॅम. पिशवी काट्यावर — पाच किलो नऊशे! इतकं बरं वाटलं ना!

१४ मार्च
पोचलो. बाबांनी पिशवी उघडली.
"कोट?"
"घरी."
हात तसेच पिशवीत राहिले. मग जाकीट बाहेर काढलं, नीट घडी घातली, परत ठेवलं. "असू दे."
तेव्हापासून मौनव्रत. कोटासाठी! लहान मुलं परवडली.

१६ मार्च
अजून गप्पच. मी तरी का बोलू?

१७ मार्च
आज ते आडगाव. बाबांना फुल पँट घालायची होती. मी म्हटलं, उकडून मराल, आणि चेन उघडून दिली. वर टोपी, काळा चष्मा. आठ वाजताच स्टँडवर जाऊन बसलो. दहा वाजले तरी बाबा हलेनात, प्रत्येक बसच्या दाराकडे टक लावून. मी वैतागले. आपण इथे नेमकं करतोय काय?

तेव्हा सांगितलं. "दादा इथे राहतो. पत्र टाकलं होतं. मनात असेल तर नऊला स्टँडवर ये, नसेल तर येऊ नकोस."

मला रागच आला. आधी नाही सांगायचं?
"तू हसली असतीस."

हसले असतेच. काका दिसतात कसे, विचारलं. "उंच. ताठ. डोक्यावर दाट केस." निदान एकतीस वर्षांपूर्वीचे! पण बाबांचा चेहरा बघून टोमणा गिळला. फार वाईट वाटलं.

काहीतरी करून त्यांना हसवायला हवं होतं. देवाने नमुना समोरच बसवला होता! रस्त्यापलीकडच्या फलाटावर एक वाकलेला टकलू म्हातारा. भर उन्हात सूट, टाय, शर्टाच्या गळ्यात आणखी एक मान मावेल. बूट इतके नवे की चावत होते बिचाऱ्याला. पाय काढायचा, चोळायचा. बस आली की घाईघाईने बूट घालून उभा! उतरणाऱ्यांच्या तोंडाकडे बघतच नव्हता, नुसता कपड्यांकडे. "बाबा, बघा, नवरदेव! वरात चुकलेली दिसते." बाबांनी बघितलं. आधी ओठ दाबले, मग फस्सकन हसले. चार दिवसांनी! दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

बारा वाजता बाबा उठले. "नाही आला. चल."

२९ मार्च
घरी. कोट दारामागे, होता तसा. बाबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

७ एप्रिल
काकांचं पत्र आलं. बाबांनी उभ्या-उभ्या वाचलं, माझ्या हातात दिलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"एवढ्या वर्षांनी चेहरा ओळखू येणार नाही, म्हणून 'तू दिलेला कोट घालून येतो', असं तूच लिहिलंस. मी आलो होतो. साडेआठपासून सगळ्या बस बघितल्या. कोट कुणाच्याच अंगात नव्हता. पलीकडे फक्त चड्डीतला एक म्हातारा आणि त्याची पोरगी बसली होती, माझ्या नव्या बुटांना हसत. बाराला ती दोघंही उठून गेली. तुझ्या मनात नव्हतं, समजलो. आता पत्र नको."

बाबांना मी हसवलं.