रेइनोकाकांची पाच काडतुसं

९ नोव्हेंबर
खांदा काळानिळा झालाय. बंदुकीचे वीस बार काढले, निशाणाच्या कागदाला लागले चार! रेइनोकाका तो कागद हातात घेऊन म्हणाले, "याच्यावर किराण्याची यादी लिहायला अजून भरपूर जागा आहे की." एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पण जिभेला धार तशीच.

बाबांनी तिन्ही भावांना शिकार शिकवली. मी काय करायचं, तर पहाटे उठून त्यांच्यासाठी मटण-बटाटा भरलेल्या करंजीसारख्या पास्ट्या भाजायच्या. आता सेहेचाळीस वर्षांची झाले. बाबा नाहीत, भाऊ डेट्रॉइटला. शेवटी बाबांच्या या दोस्तालाच म्हटलं, तुम्ही शिकवा. तर म्हणतात, "इतकी वर्षं तोंडात काय धरून बसली होतीस?"

१२ नोव्हेंबर
शाळेच्या स्वयंपाकघरातून सुटले आणि तशीच काकांबरोबर सरकारी जंगलात. हरणाच्या नराने खोडावर शिंगं घासल्याच्या खुणा दाखवल्या. वारा कुठून येतो, पाठ कशाला टेकवायची, सगळं. जागा आवडली म्हणून आपली होत नाही तिथं, आधी येईल तो बसेल. कच्च्या रस्त्यावर आजच पाच गाड्या. काका म्हणाले, "इथं आधी माणसं बघायची पोरी, मग हरणं."

१५ नोव्हेंबर
शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. उजाडल्यापासून चारपर्यंत बसले. पायांत जीव उरला नाही. साडेनऊला एक नर आला — सहा टोकांची शिंगं, चाळीस पावलांवर! मी बंदूक उचललीच नाही. नुसती थरथरत बसले. तो गेल्यावर रडले.

काका हसतील वाटलं होतं. म्हणाले, "मला तीन वर्षं लागली होती." थाप असणार. तरी बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
लिहू की नको.

काकांबरोबर ओढ्याकाठी बसले होते. झुडपात काहीतरी हललं. काका कुजबुजले, "शिंगं! बघ, शिंगं!" बंदूक खांद्याला, बोट चापावर. मी बघते तर माणूस! वाकून बुटाची नाडी बांधत होता. अंगात भडक नारिंगी जाकीट — ते घातल्याशिवाय इथं कुणी रानात पाऊल टाकत नाही. मी नळीवर फटका मारला. बार उडाला नाही. तो माणूस उठला, आमच्याकडे बघून हात केला आणि निघून गेला. त्याला कळलंसुद्धा नाही.

गाडीत काका पांढरे पडले होते. "मार्लिसला सांगू नकोस." मार्लिस त्यांची मुलगी, ग्रीन बेला असते. दोन वर्षं त्यांच्या मागे लागलीय — घर विका, वृद्धाश्रमात चला. "डोळ्यांचं कळलं की ती बंदूक नेईल. मग घर. मग मी कशाला राहू? शपथ घे." घेतली. मूर्ख बाई!

१७ नोव्हेंबर
"काका, आता घरी बसा," म्हणून पाहिलं. "कागदाला चार भोकं पाडलीस आणि मला शिकवायला निघालीस?" म्हणाले. दार लावून घेतलं.

१८ नोव्हेंबर
आज त्यांच्याकडे सॉना, वाफेचं स्नान. मला बोलावलं म्हणजे राग गेला. आधी ते आत वाफेत जाऊन बसले. मी बाहेरच्या खोलीत. त्यांचा कोट खुंटीला. खिशात पाच काडतुसं — दुकानची घेत नाहीत, पन्नास वर्षं घरीच भरतात. मला चाप ओढायच्या सरावासाठी त्यांनीच पाच खोटी करून दिली होती. दिसायला, वजनाला तशीच, फक्त आत दारू नाही, म्हणून उडत नाहीत. माझ्या पिशवीतच होती.

पाचही बदलली.

लालबुंद होऊन बाहेर आले आणि माझ्यासाठी वेलचीचा पाव कापला. लोणी लावून दिला. मी खाल्ला.

पण शपथ मोडली नाही, आणि कुणी मरणारही नाही. शहाणीच की मी!

१९ नोव्हेंबर
काका दिवसभर रानात. काही दिसलं नाही म्हणाले, पण खूश होते. मीही.

२१ नोव्हेंबर
नर मारला. आठ टोकांची शिंगं. सव्वादहाला, एकाच बारात, फुप्फुसातून आरपार. थरथर नाही, काही नाही. पोट एकटीने साफ केलं, काकांनी सांगितलं होतं तसंच.

ते ओढ्यापलीकडे होते. वाटलं, बार ऐकून येतीलच. काय सांगायचं त्याची वाक्यं मनात जुळवत बसले. आले नाहीत. मग चार तास एकटी ते हरीण ओढत होते आणि मनात त्यांना शिव्या घालत होते — म्हातारा जळला माझ्यावर! चार तास!

गाडीपाशी कुणी नाही. हाका मारल्या. मग शेरीफच्या कचेरीत फोन केला.

२२ नोव्हेंबर
सकाळी सापडले. आडव्या पडलेल्या झाडावरून पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. अख्खी रात्र बर्फात. जिवंत आहेत.

शोधायला आलेला जो तो एकच विचारत होता, "म्हाताऱ्याने तीन बार का नाही काढले?" लागोपाठ तीन बार म्हणजे अडकलोय, धावा. इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी सगळ्यांच्या कपात कॉफी ओतत होते.

साडेअकराला पडले म्हणे. मी सहाशे पावलांवर होते. सहाशे.

२५ नोव्हेंबर
इस्पितळात काकांच्या उजव्या पायाची गोठलेली चार बोटं काढली.

शेरीफच्या माणसाने काडतुसं उघडून बघितली. आत दारूच नाही! काकांनी त्याला स्वतःच सांगितलं, "भरायला विसरलो. डोकं चालत नाही आता." गावभर झालं. शाळेत पोरांना जेवण वाढताना ऐकलं — पन्नास वर्षं भरतोय आणि दारूच विसरला, बिचारा. बिचारा! रेइनोकाका!

मार्लिस भेटली. माझे दोन्ही हात धरले. "तू होतीस म्हणून सापडले." घर विकायचं ठरलं, सोमवारी दलाल येतोय. काका नाही म्हणाले नाहीत. स्वतःचं डोकं गेलं असं ते खरंच धरून चाललेत, आणि हे मी केलं.

२७ नोव्हेंबर
मांस तसंच पडलंय. खाववत नाही, टाकवत नाही.

३० नोव्हेंबर
इस्पितळात मार्लिस खाली गेल्यावर काकांना सगळं सांगून टाकलं. एका दमात.

ते छताकडे बघत होते. "माहीत आहे. खोट्या काडतुसाच्या बुडाला मी कानशीने खाच पाडतो. पडल्यावर पहिलं उडालं नाही तेव्हाच बोटाला लागली."

"मग शेरीफच्या माणसाला का नाही..."

"तू तुरुंगात गेलीस तर माझी बोटं उगवणार होती?"

मी हात धरायला गेले. त्यांनी तो पांघरुणाखाली घेतला.

"मार्लिसला वर पाठव," म्हणाले. "तू आता येऊ नकोस."