दोन खोल्यांच्या जिवावर

मी, एव्हारिस्तो लान्फ्रांको, राहणार आल्माग्रो, बुएनोस आयरेस, वय वर्षे एक्याऐंशी, धंदा कवळ्या तयार करणे (आता निवृत्त), माझ्या मागे काय व्हावे ते पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. हृदय मात्र डॉक्टरांना पसंत नाही. नोटरी ओतेगी बाई सगळे उतरवून घेत आहेत. मधूनच "हे कायद्यात बसत नाही हो" म्हणतात, पण लिहितात.

मला मूलबाळ नाही. पत्नी सुलेमा वारली. धाकटी बहीण अमालिया, तीही गेली. तिची दोन मुले, भाची हिमेना आणि भाचा लेआंद्रो, हेच माझे वारस.

कलम १. मला सुलेमाशेजारी ठेवावे. फुले कमी आणावीत, कॉफी भरपूर ठेवावी.

कलम २. माझी हत्यारे, म्हणजे मेण कोरायच्या सुऱ्या, बर्नर आणि पॉलिशचे यंत्र, तंत्रशाळेला द्यावीत. जुने साचे फोडून टाकावेत. निम्म्या गल्लीचे दात माझ्या कपाटात आहेत आणि ते बाहेर आलेले कोणाला आवडणार नाहीत.

कलम ३. माझ्या वरच्या मजल्यावरील श्री. पाल्मिएरी यांना, त्यांच्या न्हाणीघराखाली मी इतकी वर्षे ठेवलेली प्लास्टिकची बादली द्यावी. आतले पाणी त्यांचेच आहे.

कलम ४. घर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि जेमतेम एक खुर्ची मावेल एवढी बाल्कनी.

हे घर मी एका पगारावर घेतले. बँकेने कर्ज दिले, पुढे महागाई अशी भडकली की शेवटचे हप्ते कॉफीच्या भावात फिटले. यात माझी हुशारी शून्य. हिमेना शाळेत शिकवते, तिचा नवरा एसेकिएल इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. दोन पगार आहेत, दोघे काटकसरी आहेत, तरी त्यांना असे घर घेता येत नाही. पगार पेसोंत मिळतो आणि घर डॉलरांत, तेही रोख मागतात. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांचा बँकांवरचा विश्वास उडाला, म्हणून ते पैसा विटांत कोंडतात. लेआंद्रो त्यातलाच. "मामा, वीट हीच बँक," तो मला सांगतो. त्याच्याकडे दोन घरे आहेत, दोन्ही पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने देतो. त्या गाद्यांवर सगळे जग झोपून गेले, फक्त त्याची बहीण नाही.

हिमेनाने भाड्याची घरे बदलली, तिच्या मुलीने शाळा बदलल्या. भाड्याने घ्यायचे तरी या शहरात स्वतःचे घर असलेला जामीन लागतो. तो जामीन मी आहे. तिच्या प्रत्येक करारावर माझी सही आहे, तळमजल्यावरच्या इर्मा नर्सच्या करारावरही आहे. या दोन खोल्यांच्या जिवावर दोन कुटुंबांना छप्पर आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता हिमेनाच्या घरमालकालाही पर्यटक हवे आहेत. डिसेंबरात ती पुन्हा खोकी बांधील. मी म्हटले, "इथं या ना राहायला."

"मामा, तू झोपणार कुठं? बाल्कनीत?"

"उन्हाळ्यात काय वाईट आहे?"

ती हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. डिसेंबरातली सही मी करीन. त्यापुढच्या सह्या कोण करणार, या विचाराने मला झोप लागत नाही.

घर सरळ हिमेनाला द्यावे असे मनात होते. पण अमालियाने जाताना माझा हात धरून म्हटले होते, "दोघांना सारखं बघ." मी हो म्हटले होते. म्हणून हे घर मी हिमेना आणि लेआंद्रो यांना निम्मे-निम्मे देतो. लेआंद्रो, कायद्याने तू तुझा हिस्सा विकायला लावू शकशील. अर्ध्या किमतीत तुझ्या बहिणीला इथे मोटार ठेवायची जागा मिळेल, आणि जामिनासाठी दाखवायला हे घरही उरणार नाही. मी तुला अट घालत नाही. विनवणी करतो. तू लहान असताना याच बाल्कनीतून मला हाका मारायचास, ते आठवून कर काय करायचे ते.

वरील सर्व ओतेगी बाईंनी नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवले. एक साक्षीदार म्हणून इर्मा आली होती, दुसरे पोटदुखीमुळे आले नाहीत. मला गाडीने आणणारा लेआंद्रो दाराशी बसून सगळे ऐकत होता. तो उठला.

"दुसरा साक्षीदार म्हणून मी सही करतो."

बाई म्हणाल्या, "नीट ऐका. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. तुमचा हिस्सा जाईल. पूर्ण घर बहिणीचं होईल."

"कळलं मॅडम. कुठं करू सही?"

मी म्हटले, "अरे, घरी जा, चार दिवस विचार कर."

"अर्धा तास मला टोमणे मारलेस, आणि आता थांबवतोस? मामा, तिनं कधी मागितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. दे ते पेन."

मी पेन त्याच्या हातात दिले. इर्माने पाण्याचा पेला पुढे केला. बाईंनी विचारले, आता कलम ४ मधले लेआंद्रोचे नाव काढून नव्याने लिहू का? मी नको म्हटले. मी त्याला दिले होते, हे कागदावर राहू द्या.

स्थळ: बुएनोस आयरेस. दिनांक: ९ सप्टेंबर २०२४.

(सही) एव्हारिस्तो लान्फ्रांको
साक्षीदार १: (सही) इर्मा फेरेइरोस, शेजारी
साक्षीदार २: (सही) लेआंद्रो ब्रुस्को, अमालियाचा मुलगा
माझ्यासमक्ष: (सही) ग्रासिएला ओतेगी, नोटरी