अर्धा कोयता

२४ जुलै, गुरुवार

मी अर्धा कोयता हाय! अप्पाच म्हणले आज. चंद्राआत्या आलती, अप्पाची बहीण. दोघं वसरीत चहा पीत व्हते, मी आत भाकरी थापत व्हते. "पोरीचा अर्धा कोयता कोण धरतंय? त्रिंबक मुकादम म्हणतो, जोडी आणा न्हाईतर घरी ठिवा."

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस म्हंजी अर्धा. माय न अप्पा एक कोयता. मी न अंगददादा एक. दादा तोडायचा, मी शेंड्याचे वाढे काढायचे, मोळ्या बांधायचे. सातवीनंतर शाळेत गेलेच न्हाई मी. सहा महिने कारखान्यावर राहिल्यावर शाळेत तोंड कसं दाखवायचं? बाई विचारायच्या न मला घाम फुटायचा.

आता दादा न्हाई. उन्हाळ्यात मैनासंगं गेला. लगीन केलं त्यांनी. मैना पारध्याची पोरगी. अप्पा म्हणले, त्याचं नाव काढायचं न्हाई ह्या घरात.

म्हणून मपलं लगीन! गेवराईकडं एक पोरगं हाय, त्याचा पण अर्धाच कोयता हाय म्हणं. दोन अर्धे जोडायचे. मला अठरा कुठं झालेत अजून? पण आत्या म्हणली, "दसऱ्याआधी जमलं न्हाई तर गेटकेन उरकू." गेटकेन म्हंजी कारखान्याच्या गेटापाशीच हार घालायचे न दुसऱ्या दिवशी उसाच्या फडात उतरायचं. मांडव न्हाई, काय न्हाई.

भाकर करपली. मायनं करपलेली बाजू खरवडली न तीच सोताच्या ताटात घेतली. 

२५ जुलै, शुक्रवार

जागेवर बसूच वाटंना. सारखं अंगण झाडायले. शेजारची केशरमावशी म्हणली, "रोहिणे, आता काय खड्डा पाडतीस का?"

२६ जुलै, शनिवार

माय अप्पाला म्हणली, सोमवारी सौताड्याला जाते, श्रावण हाय, रामेश्वराला बेल वाहून येते. अप्पा बरं म्हणले.

मग गोठ्यात शेण भरताना हळूच मला — "अंगद तिथंच हाय. धबधब्यापाशी कणसं विकायलाय. त्याला आणू."

कावून मला आधी सांगितलं न्हाई हिनं! पण दादा आला तर परत मी न दादा एक कोयता. मग गेवराईचं पोरगं राहू दी गेवराईला! 

२८ जुलै, सोमवार

गेलतो. काय काय झालं! सगळं लिहिते, न्हाईतर डोक्यात फिरत राहील.

मायनं खताच्या गोणीत गुंडाळून काहीतरी घेतलं. मला वाटलं नारळ. पाटोद्याच्या एसटीत चढलो न गोणीतून मूठ बाहेर — दादाचा कोयता! कंडक्टर म्हणला, "मावशी, देवाला चाललात का ऊसतोडीच्या टोळीला?" सगळी एसटी हसली. मी खिडकीकडं तोंड केलं. माय म्हणली, "दोन अर्धी तिकिटं दे मुकाट्यानं." हत्यार हातात आलं की पोराचे पाय आपोआप वळतेत, असं तिचं म्हणणं. टोळी निघायच्या येळेला मुकादम कोयता हातात देतो न तसंच.

सौताड्याला लई गर्दी. गाड्याच गाड्या. वरून पाणी असं पडायलं की कान बंद झाले. खाली दरीत देऊळ. पायऱ्यांवर शेवाळ, मायनं मपलं मनगट धरलं ते सोडलंच न्हाई. पुण्याकडची पोरं रील करत व्हती. "ए, जरा बाजूला, मधी येतीस." मी सरकले. परत सरकले. पार कपारीला चिकटले. माय वरडली, "तू कावून सरकतीस गं? त्यांच्या बापाचा हाय का धबधबा?"

पिंडीपुढं मायचे ओठ लई वेळ हलत व्हते. मला काय मागावं कळंना. दादा येऊ दी म्हणावं, तर मैनाचं काय? मग नुसतं म्हणले, महादेवा, तू बघ.

वर आलो. कणसाच्या गाड्यावर दादा नव्हता, जेवायला पारध्यांच्या वस्तीवर गेला म्हणले. वस्ती माळाच्या पल्याड. पाच-सहा पत्र्याची घरं, दोन-तीन पालं, निळे कागद टाकलेले. माय मधोमध जाऊन उभी राहिली. "अंगद! अय अंगद!" — न गोणीतून काढला कोयता न धरला की वर!

अगं बाई! लेकरं किंचाळत पळाली. बाया त्यांच्या बोलीत वरडायल्या. दोन माणसं काठ्या घेऊन धावली.  तेवढ्यात एक म्हातारी आली सरळ मायपुढं, छातीला छाती लावून. "मार. आधी मला मार, मग पोरीकडं जा."

मायचा हात वरच. तोंड उघडं. "अवो... उसाचा हाय ह्यो."

तितक्यात दादा जेवता जेवता उठून पळत आला, हात खरकटा. "मपली माय हाय ती! मारायला न्हाई आली, न्यायला आली!"

म्हातारी म्हंजी बायनाबाई, मैनाची आजी. तिनं मायच्या हातातून कोयता काढून घेतला. धारेवर बोट फिरवलं. "ह्यानं तर भेंडी बी कापायची न्हाई." मग काठ्यावाले हसले, बाया हसल्या. मायला पण हसू यायलं पण तिनं दाबलं. बायनाबाई हसली न्हाई. "तुमच्या गावातून आमच्याकडं कोणी हत्यार धरून आलं ना बाई, तर आमी आधी लेकरं मोजतो." माय खाली बघायली.

मैनानं पाणी आणलं. मी तिला पहिल्यांदाच एवढं जवळून बघितलं. माझ्याहून थोडीच मोठी. हाताला कोळशाचं काळं. माय म्हणली, "उपास हाय मला."

"उपासाला पाणी चालतंय की!" बायनाबाई.

"मपला कडक हाय."

मी पिले. मायनं बघितलं माझ्याकडं. मी तांब्या रिकामा केला.

मग बोलणं निघालं. माय म्हणली, "चल घरी."

"एकटा?"

"एकटाच की."

"मग न्हाई." दादा शांत बोलतो, तेच लई वाईट. मग मायनं मला पुढं ढकललं. "मग हिला बघून घे. ही चालली गेवराईला. तुझा अर्धा कोयता हिच्या गळ्यात."

दादाला माहीतच नव्हतं! तोंड उतरलं त्याचं. "रोहे, तुला करायचंय का लगीन?"

सगळी वस्ती माझ्याकडं बघायली. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरली.  कुणीतरी म्हणलं, मुकी हाय का? तर मैना चिडली. "तिला काय विचारायलेत? तोंड बघा की तिचं."

दादा मैनाकडं बघायला, मैना दादाकडं. मग दादा म्हणला, "आमी दोघं येतो टोळीला. आमचा पुरा एक कोयता. हिला घरी ठिवा. अप्पाला विचार."

मैना चालंल म्हणली. पण तिनं एकदा माळाकडं बघितलं, तिकडं त्यांचा कणसाचा गाडा हाय. मी बघितलं ते.



२९ जुलै, मंगळवार

मायनं अजून विचारलं न्हाई. कधी विचारती?

३१ जुलै, गुरुवार

विचारलं. अप्पा दाढी करत व्हते. माय म्हणली, "अंगद भेटला. दोघं येतो म्हणतेत. जोडी हाय. कोयता पुरा व्हतो."

अप्पाचा हात थांबला. "पारधीण? कारखान्यावर मपल्या खोपीला खोप लावून राहणार? टोळीतलं एक माणूस पाणी पिईल का तिच्या हातचं?"

 माय काय म्हणणार! तीच न्हाई पिली.

तरी म्हणली, "म्हंजी लेक द्यायला चालती, सून घ्यायला न्हाई."

"मंगळवारी पाव्हणे येतेत. विषय संपला."

अप्पा वाईट न्हाईत. संध्याकाळी मपल्यासाठी पाटोद्याहून पेढे आणले, मला आवडतेत ते, खव्याचे. कागद सोडून हातात दिले. त्याचाच लई राग आला. खाल्ले पण. रडत खाल्ले.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पाऊस. घरात कोंडल्यावानी झालंय. उठते, बसते, दारात जाते, परत येते.

२ ऑगस्ट, शनिवार

चंद्राआत्या आली. "चालून दाखव." चालले. "मान खाली घालून." मान तर मपली खालीच असती! "बोलती का गं ही?" मायला विचारलं. माय म्हणली, "लागंल तेवढं बोलती." आत्या म्हणली, "चांगलंय, सासूला अशीच लागती."

ती गेल्यावर माय चुलीपाशी बसली. मी मागं उभी राहिले. आन म्हणले! तोंडानं म्हणले — "माय, मला न्हाई करायचं."

ती फुंकणी फुंकत व्हती. वळली न्हाई. ऐकलं का न्हाई काय की. परत म्हणायचं धाडस झालं न्हाई.

३ ऑगस्ट, रविवार

माय म्हणती उद्या परत सौताड्याला. दुसरा सोमवार. अप्पा म्हणले, "परवा पाव्हणे, न तू देव देव कावून करायलीस?" "पोरीचं चांगलं व्हावं म्हणून." 

मला न्हाई जायचं. त्या पाण्याचा आवाज नको वाटायलाय. तिथं उभं राहून परत काय मागायचं, न दादाला काय सांगायचं? अप्पा न्हाई म्हणले म्हणून? मैनाच्या तोंडाकडं बघून? मायला म्हणले, पोट दुखायलंय. म्हणली, "दुखू दी. यायचंच."

४ ऑगस्ट, सोमवार

वस्तीवर हाय मी. मैनाच्या घरात.

माय देवळात उतरलीच न्हाई, सरळ इकडं आली. पिशवी मैनापुढं ठिवली. मला वाटलं लेकरांसाठी काही खायला असंल. उघडली तर मपले सगळे कपडे, आधार कार्ड, शेंगदाण्याची चटणी. मैनाचा हात धरला न म्हणली, "उद्या पाव्हण्यांपुढं पोरगी न्हाई म्हणल्यावर घरात काय व्हईल ते व्हईल. पण मी मनाची कच्ची हाय गं. चार दिवसांनी मीच हिला न्यायला येईल. रडंल, पाया पडंल. तरी दिऊ नको."

मैना म्हणली, "न्हाई देणार."

माय एकटीच गेली.