खाली बसवलेली फियाट

बाबा, आज तुम्ही समोर असतात तर मी आवाज चढवून बोलले असते आणि आईने नेहमीसारखं मलाच गप्प केलं असतं. तिलाच घेऊन पालघरला दवाखान्यात गेले होते. दोन्ही गुडघ्यांचे फोटो काढले. डॉक्टर तरुण आहे, भला आहे. त्याने फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "आजी, डोक्यावर ओझी फार वाहिलीत का?" तर तुमची बायको पदर सावरून म्हणते कशी, "नाय रे बाबा. आमची फियाट होती. म्हावऱ्याच्या टोपल्या गाडीतनं जायच्या." मी कपाळाला हात लावला. फियाट होती! पण टोपल्या तिच्यातून किती दिवस गेल्या, ते नाही सांगितलं तिनं.

कारखान्याच्या कॉलनीतला एक साहेब बदली होऊन निघाला, त्याची जुनी गाडी. तुम्ही तारापूरच्या एका कारखान्यात वेल्डर. आजोबांची होडी होती, पण समुद्रावर गेलं की तुमच्या पोटात ढवळायचं, म्हणून तुम्ही जमिनीवर राहिलात. आई पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, बोईसरच्या बाजारात बसायची आणि उरलेलं घेऊन मासवणच्या बाजूला दारोदार फिरायची. गुडघे तेव्हाच सुजायला लागले होते. गाडीचं निघालं तेव्हा तिनं हातातल्या पाटल्या काढून दिल्या. म्हणाली, "पाटल्या घालून गुडघे धरून बसायचं, त्यापरीस गाडीत बसलेली बरी." मागची सीट काढली, खाली प्लास्टिक अंथरलं, त्यावर टोपल्या. आई पुढे, खिडकीबाहेर कोपर काढून, गावची सरपंच असल्यासारखी. मी कॉलेजला जाताना मागे टोपल्यांशेजारी अंग चोरून बसायची. सगळा वर्ग माझ्यापासून लांब बसायचा, पण मला त्याचं काही वाटायचं नाही. कारण संध्याकाळी आईचं गुडघ्यांना तेल चोळणं बंद झालं होतं.

ते तुम्हाला बघवलं नाही का हो? कुठल्याशा मासिकात परदेशी गाडीचं चित्र पाहिलंत, रस्त्याला चिकटून धावणारी, आणि झालं, डोक्यात भूत शिरलं. सालवडच्या गॅरेजवाल्यानं सांगितलं की गाडी खाली बसवायला मुंबईहून आखूड स्प्रिंगा मागवता येतील, पण महाग पडतील. तुम्ही म्हणालात, असलेल्याच कापू. तो बिचारा हात जोडत होता, "काका, आरी से काटो, आग मत दिखाओ, कमानी मर जाएगी." पण ऐकाल तर ते तुम्ही कसले! रविवारची दुपार आहे, मी तुमचा डबा घेऊन आलेय, पुढच्या चाकांच्या स्प्रिंगा जमिनीवर पडल्यात आणि तुम्ही काळा चष्मा लावून गॅसने त्यांचे वेढे उडवताय. वेढा लाल होतो, गळून पडतो, तुम्ही हसता. पोलादाला दिलेलं पाणी आचेनं उतरतं, मग ते दबतं आणि पुन्हा उठत नाही, हे वेल्डरला मी सांगायचं? मागच्या कमानींतले पाटेही काढून टाकलेत. स्वस्तात काम झालं म्हणून गॅरेजवाल्याला चहा पाजलात.

गाडी दारात उभी राहिली तेव्हा तिचं पोट जमिनीला टेकायचंच काय ते बाकी होतं. तुम्ही आईला बाहेर बोलावलंत. "बघ. नारळी पुनवेनंतरची पहिली होडी भरून येते ना, काठापर्यंत पाण्यात, तशी दिसते का नाय?" आपल्या गावात पोरंटोरंसुद्धा किनाऱ्यावरून सांगतात, होडी किती खोल बसलीय त्यावरून म्हावरं किती ते. आईनं गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, "भरलेली होडी म्हावऱ्यानं खाली बसते. रिकामी होडी खाली बसली, तर तिच्यात पानी शिरलंय समजायचं." तुम्ही म्हणालात, "तुला गाडीतलं काय कळतंय?" हे तुम्ही तिला म्हणालात, जिच्या पाटल्यांची ती गाडी होती. बाबा, अजूनही आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

दुसऱ्याच सकाळी कळलं कोणाला काय कळतंय ते. टोपल्या ठेवल्या आणि मागची चाकं मडगार्डला घासायला लागली, रबर जळल्याचा वास. उमरोळीच्या फाटकावर रुळांच्या उंचवट्यावर गाडीचं पोट अडकलं. गेटमन शिट्ट्या मारतोय, मागचे ट्रकवाले हॉर्न देतायत, चार माणसं ढकलतायत, एक टोपली कलंडून कोळंबी रुळांवर सांडलीय. आई उतरली. पदराची चुंबळ केली, माझ्याकडून टोपली डोक्यावर चढवून घेतली आणि फाटक ओलांडून चालायला लागली. तुम्ही ओरडत होतात, "अगं बस, निघतेय गाडी!" तिनं वळून पाहिलं नाही.

रात्री जेवताना मला वाटलं, आता म्हणाल, चुकलं, दुसऱ्या स्प्रिंगा बसवतो. तुम्ही म्हणालात, "उद्यापासून टोपल्या गाडीत नकोत. गाडी दबते." एवढंच, आणि आमटी वाढून घेतलीत. गाडी भंगारात जाईपर्यंत तुम्ही ती दर रविवारी धुतलीत, रोज सकाळी पुसलीत, आणि आई तिच्या बाजूनं टोपली घेऊन रोज जात राहिली. स्प्रिंगा कापल्या त्याचा राग मी केव्हाच सोडला असता. हौस सगळ्यांनाच असते. पण तिला जाताना रोज बघत होतात ना तुम्ही? हातात फडकं घेऊन?

आज रिक्षातून येताना मी तिला विचारलं, डॉक्टरशी खोटं का बोललीस. म्हणाली, "त्यांची होडी नाय झाली कदी. सगळ्यांच्या भरून यायच्या, ते किनाऱ्यावर उभे. येकदा गाडी तरी भरलेली दिसली, दिसूं दे." आणि तुझी टोपली गं? ती रोज भरलेली होती, ती कोणी बघितली? हे फक्त इथे लिहितेय. तिचे पाय हातात धरून तिला रिक्षातून उतरवलं.

हे सगळं तिला वाचून दाखवायचं म्हणून लिहायला बसले होते. नाही दाखवणार. ती तुमचीच बाजू घेईल, आणि त्या गुडघ्यांशी मला भांडता येत नाही. कागद फाडून टाकते. फक्त एक गोष्ट, आई आत झोपलीय तोवर सांगते. संध्याकाळी तुमची गाडी वळणावर दिसली की मी दारात येऊन उभी राहायचे. रिकामी आहे हे मला ठाऊक असायचं, बाबा. तरी भरून आल्यासारखी दिसायची.