ताईने आवरलेलं कपाट

प्रिय ताई,

आज डॉक्टरीणबाईंनी नव्या औषधाच्या चाचणीचा निकाल सांगितला. खरं औषध तुझ्या बाटलीत होतं, माझ्या बाटलीत नुसत्या पिठाच्या गोळ्या. तरी रक्त माझं वाढलं आणि गेलीस तू. आईबाबांकडून दोघींना आलेल्या या आजाराचे रुग्ण मोजकेच, त्यामुळे आपल्या दोघींच्या उलट्या निकालाने औषधच कुचकामी ठरतंय.

पहिल्याच महिन्यात तुझ्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरला होता, माझ्या डोळ्यांचा तसाच होता. लगेच तू दर महिन्याला माझं कपाट आवरायला यायला लागलीस. इकडची काडी तिकडे न करणारी तू! मी हसायचे. मला विचारलं असतंस तर भांडले असते, म्हणून गुपचूप बाटल्या बदलत राहिलीस.

उद्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगणार आहे. औषध गुणकारी आहे, हे कळायला हवं.

कपाट मात्र तू लावलंस तसंच ठेवलंय.

तुझी,
बारकी